प्रमोशन हवंय पण आणि नको पण: अमळनेरच्या ताईंना माझं उत्तर

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज दुपारी परत एकदा वाचला. बाहेर ४४ डिग्री आहे, जळगावात दुपारी एक ते चार कोणी दारात येत नाही, त्यामुळे सावकाश लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, बाकीच्यांनाही कळेल मी कशावर बोलतेय. ताई अमळनेरला सरकारी बँकेत क्लार्क आहेत, ११ वर्षं झाली. यंदा ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा दिली, इंटरव्ह्यू झाला, लिस्टमध्ये नाव आलं. आता १२ दिवसांत हो की नाही ते लिहून द्यायचंय. हो म्हटलं की पोस्टिंग कुठेही, नंदुरबार पण असू शकतं नि गोंदिया पण. मिस्टर अनुदानित शाळेत आहेत, त्यांना गाव सोडता येत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, मुलगा सातवीत. मिस्टर म्हणतात "जा तू, मी बघतो सगळं", आणि त्यांनी असं म्हटलं की ताईंना अजूनच नको वाटायला लागतं. माहेरून आई म्हणते काय गरज आहे. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अभ्यास मीच केला, कोणाची बळजबरी नव्हती, मला चॅलेंज आवडतं असं सगळ्यांना मीच सांगत फिरत होते, आणि आता लेटर हातात आलं तर पोटात गोळा येतो, मग मी भित्री आहे का, की मला हे कधी नकोच होतं?

मी २२ वर्षं समुपदेशन करतेय. या दोन मनांची तक्रार घेऊन माणसं येतात पण या नावाने येत नाहीत. डोकं दुखतं म्हणून येतात, झोप नाही म्हणून येतात, नवरा चिडचिड करतो म्हणून बायको त्याला घेऊन येते. पहिल्याच वर्षी पारोळ्याकडच्या एक आजी आल्या होत्या, मुलगा सुरतेला घेऊन जायला तयार होता आणि त्यांना जावंसं पण वाटत होतं, त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं, "मन हां बी म्हनस नि नही बी म्हनस, मी काय करू वं माय." पुस्तकात याला अँबिव्हॅलन्स म्हणतात, ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९१० च्या सुमारास हा शब्द आणला, आधी मनोरुग्णांबद्दल बोलताना, पण हे निरोगी माणसातही असतं हे त्यानेच मान्य केलं होतं. मला आजींचं वाक्य जास्त उपयोगी पडलंय, कारण त्यात "हां" आणि "नही" दोघं एकाच मनाचे आहेत. एक खरं आणि एक खोटं असं त्या म्हणाल्या नाहीत.

तुम्ही मात्र तेच शोधताय. तुमचा प्रश्न वाचला तर असं वाटतं की दोनपैकी एक मन खोटं बोलतंय आणि ते कोणतं ते मी ओळखून सांगावं. परीक्षा देणारी खरी की पोटात गोळा येणारी खरी. माझ्या मते इथेच गाडी अडलीय. तुम्ही भित्र्या आहात की नाही ते मला माहीत नाही आणि खरं सांगू का, ते कळून काही उपयोग पण नाही, कारण भित्री माणसं पण बदली घेऊन जातात आणि धीट माणसं पण विचार करून नाही म्हणतात. फॉर्मवर भित्री आहे का असा कॉलम नाही. तुमच्यापुढे खरे प्रश्न दोन आहेत, हा गोळा आत्ताच का आला, आणि तो नेमकं कशाला नको म्हणतोय.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे आणि ऐकलं की बरंच हलकं वाटतं म्हणून तेच आधी घेते. नील मिलर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९४४ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट हवी पण असेल आणि तिची भीती पण असेल, तर तिच्या जवळ जाताना दोन्ही वाढतात, पण सारख्या वेगाने वाढत नाहीत. ओढ हळूहळू वाढते, भीती जवळ गेल्यावर एकदम चढते. १९४८ मध्ये जडसन ब्राउन यांनी ते उंदरांवर मोजून पण दाखवलं. काही उंदरांना बोळाच्या टोकाला खाणं मिळायचं, काहींना तिथे विजेचा झटका बसायचा, आणि पाठीला पट्टा बांधून ते किती जोराने ओढतात ते मोजलं. खाण्याकडची ओढ लांबून आणि जवळून फार वेगळी नव्हती. झटक्यापासून लांब पळायचा जोर जवळ असताना प्रचंड, आणि लांब नेऊन ठेवलं की जवळपास गायब.

आता हे तुमच्यावर लावून बघा. फॉर्म भरला तेव्हा प्रमोशन लांब होतं, लांबून फक्त ओढ दिसते, केबिन दिसते, नावापुढचं पद दिसतं. गोंदिया तेव्हा नकाशावर पण नव्हतं. आता लेटर हातात आहे म्हणजे तुम्ही बोळाच्या टोकाला आलात, आणि भीती तिच्या स्वभावाप्रमाणे चढली. म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोलत नव्हता आणि आज तुमचं मत बदललं असं पण नाही, तुमची जागा बदलली. उद्या तुम्ही "नको" लिहून दिलं ना, तर भीती परत खाली जाईल आणि दोन महिन्यांनी, सगळे जॉइन झाल्याचे फोटो ग्रुपवर आले की, परत ओढ वर येईल आणि तुम्ही म्हणाल अरे मी का नाही म्हटलं. असं झालेले लोक माझ्याकडे दरवर्षी येतात, विशेषतः जूनमध्ये.

अजून एक सांगते कारण ते मला फार आवडतं. १९६० च्या दशकात एपस्टाइन आणि फेन्झ या दोन मानसशास्त्रज्ञांनी पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारणाऱ्यांना विचारलं, आदल्या दिवसापासून खाली उतरेपर्यंत कधी किती भीती वाटली. नवशिक्यांची भीती चढत चढत गेली आणि सगळ्यात जास्त कधी होती, तर उडी मारताना नाही, त्याच्या थोडं आधी, तयार राहा असा इशारा मिळतो तेव्हा. तिथून पुढे प्रत्यक्ष उडीपर्यंत ती उतरत गेली. आणि अनुभवी लोक? त्यांना पण भीती वाटत होतीच, फक्त ती सकाळीच वर जाऊन विमानात बसेपर्यंत उतरायला लागलेली होती. तुमचे हे १२ दिवस म्हणजे तो तयार राहाचा इशारा आहे. आत्ता गोळा सगळ्यात मोठा असणार हे धरूनच चाला, आणि एवढा मोठा गोळा आहे म्हणजे नक्कीच काहीतरी चुकतंय असा अर्थ त्यातून काढू नका.

पण, आणि हा पण मोठा आहे. इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग काय, भीती म्हणजे नुसता जवळ आल्याचा परिणाम, डोळे मिटा आणि हो म्हणा. सोशल मीडियावर सगळे तेच सांगतात, भीतीच्या पलीकडे जा वगैरे. मी तसं कधीच सांगत नाही, आणि का ते एका केळीच्या प्रकरणावरून सांगते. ओळख कळू नये म्हणून थोडं बदललंय.

चोपडा तालुक्यातला २७-२८ वर्षांचा मुलगा. घरी वडिलोपार्जित कापूस. त्याला ३ एकरावर टिश्यू कल्चरची केळी लावायची होती, ड्रिपचं कोटेशन आणलं, रोपांना अ‍ॅडव्हान्स द्यायची वेळ आली आणि झोप गेली. वडील म्हणाले डरपोक आहे, मित्र म्हणाले रिस्क घेतल्याशिवाय काय होतं रे. त्याचा मेव्हणा त्याला माझ्याकडे घेऊन आला, याचा कॉन्फिडन्स वाढवा म्हणून. मी त्याला म्हटलं कॉन्फिडन्सचं नंतर बघू, तुझं नको काय म्हणतंय ते बोल. आधी नुसतं "भीती वाटते" हेच तीनदा. मग "नुकसान होईल". कशाने होईल? "पाणी". कोणत्या महिन्यात? आणि तिथून पुढे तो एकदम शेतकऱ्यासारखा बोलायला लागला, तोपर्यंत पेशंटसारखा बोलत होता. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७०० च्या वर झाडं बसतात, ३ एकराला ५२०० धरा, उन्हाळ्यात झाडाला रोज वीसेक लिटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला लाखभर लिटर. आणि त्याच्या बोअरचं मे महिन्यातलं पाणी त्याला पक्कं माहीत होतं, कारण मोटर तोच चालू-बंद करायचा, वडील नाही. लाख लिटर तो बोअर देऊच शकत नव्हता. हे गणित त्याने कागदावर कधी केलं नव्हतं पण पोटाने केलं होतं, आणि घरातले सगळे त्या पोटाला डरपोक म्हणत होते.

त्याने एक एकरच लावली. मे अखेर बोअर आटत आला, एक एकर कशीबशी निघाली. भाव त्या वर्षी पडलेला होता म्हणून फार काही कमाई झाली नाही, असो, पण तीन एकर वाळलेली बघायची वेळ आली नाही.

म्हणून माझी कामाची पद्धत एवढीच आहे, की नको ला हाकलायचं नाही आणि त्याच्या पाया पण पडायचं नाही, त्याला बोलतं करायचं. बोलतं म्हणजे कुठपर्यंत, तर ज्यावर फोन करून कोणाला तरी काही विचारता येईल इथपर्यंत. "घर मोडेल" यावर कोणाला फोन करता येत नाही. "रात्री आईंना बाथरूमला कोण नेईल" यावर करता येतो. एक कागद घ्या, नको वाटतं असं लिहा, खाली कारण लिहा, मग त्या कारणाचं कारण, आणि जोपर्यंत माणसाचं नाव, महिना, रक्कम किंवा घड्याळातली वेळ येत नाही तोपर्यंत थांबू नका. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पंधरा-वीस नको खरवडले की खाली दोन किंवा तीनच उरतात, बाकीचे त्यांचीच पिल्लं असतात.

आणि ते उरलेले दोन-तीन कधीकधी असे निघतात की हसू येतं आणि रडू पण येतं. धुळे जिल्ह्यातल्या एक सिस्टर होत्या, सरकारी नोकरीत, वरच्या पदावर निवड झाली होती पण गाव दुसऱ्या टोकाला. त्या म्हणायच्या घर विस्कटेल, सासरचे बोलतील, मुली बिघडतील. तासाभराने काय निघालं, तर कानबाई, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. त्या घरात मोठ्या सून, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि रोटाच्या प्रसादाला सगळे भाऊबंद जमतात, आणि मोठी सून घरात नाही हे त्यांना डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. रविवार-सोमवारचा सण. दोन दिवसांची रजा. त्यांनी स्वतःच डोक्याला हात लावला. पण मला वाटलं अजून काहीतरी आहे, कारण चेहरा मोकळा झाला नव्हता, आणि पुढच्या वेळी त्या खाली बघत म्हणाल्या की मॅडम, मी आजपर्यंत एका खोलीत एकटी कधी झोपलेली नाही. माहेरी बहिणी, मग हॉस्टेल, मग सासर. ४० वर्षांची बाई, वॉर्डात रात्रपाळीला प्रेतं पाहिलेली, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची लाज वाटत होती म्हणून तिच्या जागी घर मोडेल असं सांगत होत्या. पहिले १५ दिवस बहीण सोबत जाऊन राहिली. पुढे जमलं.

तुमच्या कागदावर काय निघेल मला माहीत नाही. पण एक सूचना, काही नको तुमचे नसतातच, ते आत कोणाच्या तरी आवाजात बोलतात. लिहिताना वाक्य कोणाच्या आवाजात ऐकू येतंय बघा. "काय गरज आहे" हे तुम्ही आईच्या नावाने लिहिलंय पण दोन ओळींनी तेच वाक्य तुमचं म्हणून परत आलंय, मी दोनदा तपासलं. आईचा आवाज आहे म्हणजे चूकच असं नाही, पण त्याला आईचं मत म्हणून मोजा, तुमची भीती म्हणून मोजू नका, नाहीतर एकाच माणसाची दोन मतं पेटीत पडतात.

आता हेच सगळं "हो" ला पण लावायचं, हे लोक विसरतात. हो तर काय आनंदाचाच असतो असं धरून चालतात. माझंच सांगते. २००८ मध्ये मला पुण्यातून एका मोठ्या ठिकाणाहून कामाची ऑफर आली. मी दोन दिवसांत हो म्हटलं. माझी आई तेव्हा जळगावला एकटी होती, आणि माझ्या पोटात पण तुमच्यासारखाच गोळा होता, पण मी त्याला विचारलंच नाही, कारण मला वाटायचं की नाही म्हटलं तर मी गावंढळ ठरेन, खान्देशातली मुलगी खान्देशातच राहिली असं होईल. म्हणजे माझा हो पुण्याला नव्हताच, तो माझ्या बॅचच्या मैत्रिणींना होता. आठ महिने दर शुक्रवारी रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची आणि सोमवारी पेंगत कामावर. मग परत आले. गेले याचं मला वाईट वाटत नाही, तिथे शिकले पण खूप. पण आईची सोय हा एकच नेमका नको होता, आणि त्याची तजवीज जाण्याआधी एका महिन्यात होण्यासारखी होती, शेजारच्या काकू नंतर स्वतःहून म्हणाल्या की मला आधी का नाही सांगितलंस. ते मी विचारलंच नाही, धाडस दाखवण्याच्या नादात. तर तुमचा हो कोणाला आहे ते एकदा बघा. तुमच्या लिहिण्यात "लोक" हा शब्द तीनदा आलाय, नवीन काम नेमकं काय असेल यावर एक ओळ पण नाही. लोनचे कागद तपासणं, रिकव्हरीला फिरणं, संध्याकाळी सगळे गेल्यावर थांबणं, हे काम तुम्हाला आवडेल का? तुमच्याच ब्रांचच्या ऑफिसरला एक दिवस नीट बघा, केबिन सोडून बाकीचं बघा.

मिस्टरांचं. ते म्हणतात जा, आणि तुम्हाला अजून नको वाटतं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय आणि त्यांना बहुतेक राग येत असणार. यात दोघांचाही दोष नाही. १९८३ मध्ये विल्यम मिलर यांनी (हे मिलर वेगळे, उंदीरवाले वेगळे) दारू सोडवण्याच्या कामातून हेच मांडलं, की ज्याचं मन दोन्हीकडे आहे त्याला तुम्ही एका बाजूने ढकललं की तो आपोआप दुसऱ्या बाजूचा वकील होतो. दारू सोड म्हटलं की तो दारूचे फायदे सांगतो, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्याला ते पटत जातं. तुमच्याकडे मिस्टर हो चे वकील झालेत, मग नको ची बाजू मांडायला तुमच्याशिवाय कोण उरलं? त्यांना सांगा की आज अर्धा तास मला काही समजावू नका, नुसतं विचारा, तुला जावंसं का वाटतंय आणि कशाला घाबरतेस, आणि मी बोलले की तेच परत मला सांगा, बस. पुरुषांना हे जड जातं, त्यांना लगेच तोडगा सांगायचा असतो, पण मी कित्येक घरांत बघितलंय की या अर्ध्या तासात बाई स्वतःच दोन्ही बाजू बोलते आणि कुठली बाजू बोलताना आवाज चढतो ते दोघांनाही ऐकू येतं.

हे लिहितेय तोवर मला माहितेय कोणीतरी खाली नाणं उडवा म्हणून सांगेल, नाणं हवेत असताना पोटाला काय वाटतं ते बघा वगैरे. मी हा सल्ला देत नाही. कारण वरतीच सांगितलं, जवळ आल्यावर पोट भीतीच्या बाजूला झुकलेलंच असतं, नाणं उडवून तुम्हाला तेच परत कळेल. नाण्याचा एक अभ्यास मात्र विचार करण्यासारखा आहे. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञांनी २०१३ पासून इंटरनेटवर लोकांना सांगितलं, निर्णय होत नसेल तर आमचं नाणं उडवा. २० हजारांपेक्षा जास्त वेळा नाणं उडालं, नोकरी सोडू का, नातं तोडू का, असले प्रश्न. नाण्याने बदल कर म्हटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी खरंच बदल केला, आणि मोठ्या निर्णयांमध्ये सहा महिन्यांनी बदल करणारे जास्त खूश निघाले. यातून बदल चांगलाच असं मी म्हणत नाही, ते सगळे स्वतःहून आलेले, इंटरनेटवरचे, बहुतेक आपल्यासारख्या एकत्र कुटुंबात न राहणारे लोक. पण एवढं घेते, की माणूस अगदी मधोमध अडकला असेल तर तो सहसा बदलाची किंमत थोडी जास्तच धरत असतो.

काय काय परिस्थितीवर आहे ते पण सांगते, कारण इथून मला दिसत नाही. पोस्टिंग नंदुरबारला आलं तर सुरत लाइन आहे, तिकडे अपडाउन करणारे लोक आहेत, प्रश्न निम्मा होतो. गोंदिया आलं तर जळगावहून पुढे रात्रभराची गाडी, आणि मग घरी येणं महिन्यातून एकदा. नाही म्हटलं तर पुढची परीक्षा किती वर्षं देता येत नाही, घेतल्यावर नाही जमलं तर परत क्लार्क होता येतं का, आणि कधीपर्यंत, हे प्रत्येक बँकेत वेगळं असतं, सर्क्युलर स्वतः वाचा आणि युनियनच्या माणसाला विचारा, कँटीनमध्ये ऐकलेलं धरू नका. परतीचा रस्ता आहे की नाही यावर माझं उत्तर सुद्धा बदलेल. पैशाचं पण, वाढलेला पगार हातात किती येतो आणि दुसरी चूल, भाडं, गाडीभाडं, सासूबाईंसाठी बाई, हे वजा करून पहिल्या वर्षाला काय उरतं. काही जणांचं पहिल्या वर्षी काहीच उरत नाही, तरी ते जातात, पण माहीत असून जाणं वेगळं.

आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगते. पोटात गोळा येणं हे ठीक. पण दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, रडू येतं, प्रमोशनचा विचार नसताना सुद्धा, असं असेल तर आधी डॉक्टर आणि मग निर्णय. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी असेल म्हणून लिहिलं.

तर थोडक्यात तुमचे १२ दिवस असे घालवा असं मी म्हणेन. पहिले दोन-तीन दिवस कागदावर नको खरवडणं आणि तेवढाच वेळ हो ला पण. मग जे नेमके दोन-तीन उरतील त्यांचे फोन, बँकेत, युनियनला, नंदुरबारला कोणी ओळखीचं असेल त्याला, सासूबाईंसाठी कोण मिळेल त्याला. मिस्टरांसोबत तो अर्धा तास, जमलं तर दोनदा. शेवटच्या दोन दिवसांत नवीन सल्ला कोणाचाच घ्यायचा नाही, माझा पण नाही. आणि फॉर्म भरताना मन शंभर टक्के तयार असेल याची वाट बघू नका, माझ्याकडे हो म्हणून गेलेल्या आणि नको म्हणून राहिलेल्या अशा कितीतरी बायका आहेत, सही करताना हात कोणाचाच स्थिर नव्हता.

माझा कल विचाराल तर सांगते, तुम्ही विचारलाय म्हणून. पोस्टिंग अपडाउनच्या टप्प्यात येण्याची थोडी तरी शक्यता असेल आणि परतीचा रस्ता असेल तर मी घ्या म्हणेन. परतीचा रस्ता नसेल आणि सासूबाईंसाठी दिवसभराचं माणूस मिळत नसेल तर यंदा थांबा म्हणेन, आणि त्याला हार म्हणणार नाही, चोपड्याच्या मुलाने एकच एकर लावली होती. पण हा कल अर्धवट माहितीवर आहे, कारण घरातल्या एका माणसाबद्दल तुम्ही मला काहीच सांगितलं नाही. मिस्टर काय म्हणतात ते आहे, आईचं आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत. मुलाबद्दल पूर्ण प्रश्नात तीनच शब्द आहेत, "मुलगा सातवीत आहे". तो काय म्हणतो? बारा-तेरा वर्षांचं पोर आहे, आई रात्री दोनपर्यंत अभ्यास करत होती ते त्याने बघितलंय. त्याला विचारलंत का? आज संध्याकाळी विचारा, मिस्टर समोर नसताना, आणि तो काय म्हणाला ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.